डोनाल्ड बर्ड 'विकला गेला' असे म्हणणाऱ्यांसाठी : एक लांबलेला थ्रेड

१/ जॅझच्या इतिहासावरील एखादा लोकप्रिय लेख उघडा. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड (१९३२–२०१३) याच्याविषयी त्यात बहुधा दोनच वाक्ये सापडतील. पहिले असे की १९५० आणि ६०च्या दशकांत तो 'हार्ड बॉप' शैलीच्या अव्वल वादकांपैकी एक होता. दुसरे असे की १९७३च्या सुमारास तो 'बाजारू' झाला. पहिले वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य ही एका नाराज ग्राहकाची तक्रार आहे, आणि गेली पन्नास वर्षे ती इतिहास म्हणून खपत आली आहे. ही तक्रार फेटाळून लावणे, एवढाच या थ्रेडचा हेतू.

२/ जॅझशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९४०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये 'बीबॉप' जन्मले : वेगवान, स्वरसंगतीने गुंतागुंतीचे, नाचण्यापेक्षा ऐकण्यासाठीचे संगीत. १९५०च्या दशकात त्याच वादकांच्या धाकट्या पिढीने त्यात ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनाचा ऐवज परत आणला. तेच हार्ड बॉप. म्हणजे ज्या शैलीला आज 'शुद्ध' म्हणून पूजले जाते, तीच मुळात लोकांच्या कानाकडे परत जाण्याची खटपट होती. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

३/ आता नावापासून सुरुवात करू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नावे वाचायलाच हवीत. डोनाल्ड बर्डचे पूर्ण नाव डोनाल्डसन तूसाँ लुव्हर्त्यूर बर्ड, द्वितीय. तूसाँ लुव्हर्त्यूर कोण, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको; तरीही नव्यांसाठी : १७९१ साली फ्रेंचांच्या सँ-दोमँग वसाहतीत गुलामांनी जो उठाव केला, त्याचे नेतृत्व पुढे ज्याच्याकडे आले तो हा पूर्वाश्रमीचा गुलाम. १८०२ साली नेपोलियनच्या फौजेने त्याला पकडले, १८०३ साली फ्रान्समधील एका थंडगार किल्ल्यात तो कैदेतच मेला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्याची भूमी 'हैती' या नावाने स्वतंत्र झाली. १९३२च्या डिसेंबरात, महामंदीने हैराण झालेल्या डेट्रॉइट शहरातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाने आपल्या मुलाला हे नाव दिले.

४/ नावावरून माणसाचे भवितव्य ठरते असे मी म्हणत नाही. परंतु त्या घरात कशाची आठवण जपली जात होती, याचा तो पुरावा आहे. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, संगीतही जाणत होते. मुलगा कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकला. ही सरकारी शाळा म्हणजे जॅझची एक टांकसाळच. पॉल चेंबर्स आणि रॉन कार्टर हे दोन थोर बासवादकही तेथलेच. शाळा संपण्यापूर्वीच तो लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात वाजवून आला. पुढे हवाई दलाच्या बँडमध्ये नोकरी, १९५४ साली वेन स्टेट विद्यापीठाची पदवी, आणि मग न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून पदव्युत्तर पदवी.

५/ येथे क्षणभर थांबा. जॅझ वादकाची जी प्रतिमा चित्रपटांनी आपल्या डोक्यात भरवली आहे (धुराने भरलेला तळघरातला क्लब, व्यसन, दारिद्र्य, अकाली मृत्यू) तिच्यात ही पदव्यांची यादी कोठेच बसत नाही. म्हणून ती चरित्रांतून तळटीपेसारखी उरकली जाते. माझ्या मते या माणसाचे सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक साधन ही यादीच आहे.

६/ १९५५च्या अखेरीस तो ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या 'जॅझ मेसेंजर्स'मध्ये केनी डॉरहॅमच्या जागी आला. त्यानंतरची काही वर्षे भराभर सांगतो, कारण ती सर्वत्र लिहिलेली आहेत : सॉनी रोलिन्स, जॉन कोल्ट्रेन, थेलोनिअस मंक, जॅकी मॅक्लीन यांच्यासोबत ध्वनिमुद्रणे, बॅरिटोन सॅक्सोफोनवादक पेपर ॲडम्सबरोबर संयुक्त नेतृत्वाखालचा वाद्यसंच, १९५८पासून 'ब्लू नोट' या ध्वनिमुद्रिका कंपनीशी स्वतंत्र नाते. हाच तो काळ ज्याला 'सुवर्णकाळ' म्हणतात. सुवर्णकाळ नेमका कोणाचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

७/ म्हणून हिशेब पाहू. अमेरिकेच्या १९०९च्या प्रताधिकार कायद्यानुसार विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे, तिच्यावरील प्रत्येक रचनेसाठी २ सेंट मानधन ठरलेले होते. हा दर १९७८ साल उजाडेपर्यंत बदलला नाही. हे २ सेंट दोघांत वाटले जात : अर्धे रचनाकाराला, अर्धे 'प्रकाशका'ला. प्रकाशक म्हणजे पूर्वी स्वरलिपी छापून विकणारा धंदेवाईक. तबकड्यांच्या युगात छपाईचे महत्त्व उरले नाही, पण तो अर्धा वाटा मात्र उरला, आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी स्वतःच्याच प्रकाशनसंस्था काढून तो आपल्याकडे वळवला.

८/ उदाहरणादाखल समजा, एखाद्या तबकडीच्या एक लाख प्रती खपल्या. एका रचनेमागे जमा झाले २,००० डॉलर. त्यातले १,००० कंपनीच्या प्रकाशनसंस्थेचे. रचनाकाराला १,०००. आणि त्याच रचनेवर ज्याने अप्रतिम एकल वादन केले, त्या वादकाला या रकमेतून छदामही नाही. त्याला मुद्रणाच्या दिवसाची ठरलेली बिदागी मिळाली, की विषय संपला. जॅझचा सारा प्राण उत्स्फूर्त वादनात, आणि कायद्याच्या दृष्टीने मोल फक्त लिहिलेल्या रचनेला! ज्या कलाप्रकाराचे मर्म एका ठिकाणी आणि मालकी दुसऱ्या ठिकाणी, त्याच्या सुवर्णकाळाचे सोने कोणाच्या तिजोरीत गेले असेल, हे वेगळे सांगायला हवे काय?

९/ ही गोष्ट बर्डला कोठे उमगली? माझा तर्क असा की १९५७ साली. त्या वर्षी त्याने सॅक्सोफोनवादक-रचनाकार गिगी ग्राइसबरोबर 'जॅझ लॅब' नावाचा वाद्यसंच चालवला. ग्राइस हा त्या पिढीतला पहिल्या काहींपैकी एक, ज्याने १९५५ साली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पुढे बेनी गोल्सनच्या साथीने दुसरी काढली. आपल्या रचना आपल्याच नावावर ठेवा, असे तो सहकाऱ्यांना सांगत असे. १९६३पर्यंत त्या दोन्ही संस्था बंद पडल्या. ग्राइस जॅझच्या जगातून नाहीसा झाला आणि न्यू यॉर्कच्या सरकारी शाळांत बशीर कुसिम या नावाने मुलांना शिकवू लागला. जॅझच्या इतिहासात याला 'अकाली निवृत्ती' म्हणतात. शब्द किती सौम्य असू शकतात पाहा.

१०/ आता हर्बी हॅनकॉक. आज जगप्रसिद्ध असलेला हा पियानोवादक १९६०च्या हिवाळ्यात शिकागोमध्ये बर्डच्या कानावर पडला, आणि काही आठवड्यांतच न्यू यॉर्कमध्ये बर्डच्याच घरी राहू लागला. १९६२ साली हॅनकॉकला स्वतःची पहिली तबकडी करण्याची संधी ब्लू नोटने दिली. पुढची हकीकत हॅनकॉकने आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. बर्डने त्याला बजावले की कंपनी प्रकाशनहक्क मागेल, तू देऊ नकोस. माझ्या रचना माझ्या प्रकाशनसंस्थेत आधीच नोंदवल्या आहेत असे सांग. कंपनीने हक्क मागितले. बावीस वर्षांच्या, नाव नसलेल्या त्या पोराने नकार दिला. आता संधी जाते की काय अशी वेळ आली. अखेर कंपनीने माघार घेतली.

११/ त्या तबकडीवर 'वॉटरमेलन मॅन' ही रचना होती. १९६३ साली क्यूबन तालवादक मोंगो सांतामारियाने ती आपल्या ढंगात वाजवली आणि ती रेडिओवर तुफान गाजली. त्या प्रत्येक प्रतीवरचे दोन्ही वाटे, रचनाकाराचा आणि प्रकाशकाचाही, हॅनकॉककडे आले. (त्या पैशातून तो साधी स्टेशन वॅगन घ्यायला निघाला होता, बर्डनेच त्याला 'कोब्रा' ही स्पोर्ट्स गाडी पाहायला पाठवले. ती गाडी त्याने पुढे अनेक दशके जपली.) त्याच वर्षी माइल्स डेव्हिसचे बोलावणे आले, तेव्हा आपला वाद्यसंच सोडून तिकडे जा, असे हॅनकॉकला ठणकावणाराही बर्डच.

१२/ हे सारे 'शुद्ध' काळातले आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे ज्या माणसाला १९७३ साली 'पैशाची चटक लागली' असे सांगितले जाते, तो १९६२ साली आपल्या शिष्याला पैशाचेच धडे देत होता. चटक लागण्याचा प्रश्नच नाही. कष्टाचे मोल कोणाकडे जाते हा त्याचा पहिल्यापासूनचा विषय होता.

१३/ जानेवारी १९६३मध्ये त्याने 'अ न्यू पर्स्पेक्टिव्ह' ही तबकडी मुद्रित केली. सात वादक आणि सोबत आठ जणांचा गायकवृंद. गाण्याला शब्द नाहीत, फक्त स्वर. धर्मोपदेशकाचा मुलगा चर्चमधील भजनांचा सूर जॅझच्या चौकटीत आणतो आहे. यातली ड्यूक पिअर्सनची 'क्रिस्तो रेदेंतोर' ही रचना चांगलीच लोकप्रिय झाली. चर्चला जाणाऱ्या सामान्य श्रोत्यासाठी केलेले हे संगीत. याला मात्र कोणी 'बाजारू' म्हटले नाही. का बरे? चर्चमधला श्रोता चालतो आणि नाचघरातला चालत नाही, असा काही शास्त्राधार आहे काय?

१४/ त्याच वर्षी तो पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे रचनाशास्त्र शिकायला गेला. एरन कोपलंडपासून आस्तोर पियासोलापर्यंत विसाव्या शतकातील कितीतरी रचनाकार या बाईंच्या हाताखालून गेले. नाव कमावलेला, तिशीतला वादक पुन्हा विद्यार्थी होतो. माझ्या मते बर्डला समजून घेण्याची किल्ली येथे आहे. त्याचा पेशा विचाराल तर विद्यार्थी, आणि म्हणूनच शिक्षक. ट्रम्पेट हे त्याचे साधन.

१५/ १९६८. मार्च महिन्यात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील (हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड, १८६७ साली स्थापन झालेले कृष्णवर्णीयांचे अग्रगण्य विद्यापीठ) विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा इतिहास व कला यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान हवे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटले. त्याच वर्षी बर्ड हॉवर्डमध्ये शिकवू लागला, आणि तेथील जॅझ अध्ययनाची उभारणी त्याने केली. त्याआधी तो रटगर्स विद्यापीठात आणि हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्येही शिकवून आला होता.

१६/ जॅझ 'शिकवण्या'विरुद्ध तेव्हाही एक रडगाणे होते, आजही आहे : क्लबात जन्मलेले संगीत वर्गात नेले की मरते. हे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की क्लबाचा मालक कोण होता? वर्ग ही निदान अशी जागा होती, जेथे या संगीताचा वारसा त्याच्या निर्मात्यांच्या मुलांना, त्यांच्याच संस्थेत, पगारी शिक्षकाकडून मिळू शकत होता. वर्गाने संगीत मरते, की क्लब उठल्यावर वादक उपाशी मरतो, याचा निर्णय वादकानेच करावा.

१७/ आता आरोपीच्या पिंजऱ्यातली ती तबकडी : 'ब्लॅक बर्ड', मुद्रण १९७२, प्रकाशन १९७३. निर्माता लॅरी मिझेल, सोबत त्याचा भाऊ फॉन्स. दोघेही हॉवर्डचे माजी विद्यार्थी. फॉन्स तर बर्डकडे शिकलेला. लॅरी विद्युत अभियंता होता. चांद्रमोहिमेच्या चांद्रयानाच्या चाचण्यांवर त्याने काम केले होते. फॉन्स मोटाउन कंपनीच्या त्या चमूत होता, ज्याने जॅक्सन फाइव्हसाठी 'आय वाँट यू बॅक' आणि 'एबीसी' ही गाणी रचली. म्हणजे पन्नाशीतल्या कोणा दलालाने बर्डला फशी पाडले, अशी जी कथा रंगवली जाते, तिच्यातला 'दलाल' प्रत्यक्षात त्याच्याच विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली पोरे होती. शिक्षक आपल्या विद्यार्थ्याच्या हाताखाली काम करतो आहे! आपल्याकडे याला गुरूचे मोठेपण म्हटले असते.

१८/ ही तबकडी ब्लू नोटच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक खपलेली ठरली. पाठोपाठ 'स्ट्रीट लेडी', 'स्टेपिंग इंटू टुमॉरो', 'प्लेसेस अँड स्पेसेस'. फंकचा ठेका, विद्युत वाद्ये, बासरी, समूहगान. आणि टीकाकार तुटून पडले.

१९/ टीकाकारांविषयी दोन शब्द. १९६३ साली कवी लेरॉय जोन्स (पुढे अमीरी बराका) यांनी 'डाउन बीट' नियतकालिकात 'जॅझ अँड द व्हाइट क्रिटिक' हा निबंध लिहिला. मुख्य मुद्दा असा की जॅझचे बहुतेक महत्त्वाचे वादक कृष्णवर्णीय, बहुतेक टीकाकार मात्र गोरे. आणि हे टीकाकार संगीताची पारख करताना ते ज्या जीवनातून आले त्या जीवनाकडे पाहतच नाहीत. दहा वर्षांनी 'ब्लॅक बर्ड'च्या बाबतीत नेमके हेच घडले. ही तबकडी कोण विकत घेत होते? बव्हंशी तरुण कृष्णवर्णीय श्रोते. १९६०च्या दशकात जॅझ ज्यांच्यापासून दुरावत चालले होते, तेच. बर्डला जे श्रोते परत मिळाले त्यांची मोजदाद टीकाकारांनी केली नाही, गमावलेल्या श्रोत्यांची केली. कारण गमावलेल्यांत ते स्वतः होते.

२०/ प्रामाणिकपणाने एक गोष्ट मान्य करतो. निव्वळ ट्रम्पेटवादन पाहिले, तर १९६१ साली मुद्रित झालेली 'फ्री फॉर्म' आणि 'ब्लॅक बर्ड' यांची तुलनाच होत नाही. पहिल्यात शोध आहे, धोका आहे. दुसऱ्यात ट्रम्पेट अनेकदा पोताचा एक धागा बनून राहतो. १९७६ची 'कॅरिकेचर्स' तर मला अगदीच फिकी वाटते, आणि बर्डच्या गायनाविषयी मौन बाळगणे बरे. तथापि 'मला हे कमी आवडते' आणि 'हा माणूस पतित झाला' ही दोन विधाने एकाच जातीची नाहीत. पहिले अभिरुचीचे आहे. दुसरे चारित्र्याविषयीचे आहे, आणि चारित्र्याविषयी बोलायचे तर पुरावा लागतो. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या म्हणून त्यांची ख्यालगायकी विकली गेली, असे आपण म्हणतो काय?

२१/ 'ऱ्हास' हा शब्द दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. एखाद्या काळाला ऱ्हासाचा म्हणणारा कोठे उभा राहून बोलतो आहे, हे आपण दरबारी बखरीच्या बाबतीत विचारतो. मग तबकड्यांच्या वेष्टनावरील मजकुराच्या बाबतीत का विचारत नाही? माइल्स डेव्हिसवरही 'बिचेस ब्रू'नंतर हाच आरोप झाला होता. त्याला काळाने क्षमा केली, क्रांतिकारक ठरवले. फरक एवढाच की माइल्सचे नवे संगीत ऐकायला अवघड होते आणि बर्डचे सोपे. अवघडपणाला प्रामाणिकपणा समजण्याची ही खोड फार जुनी आहे.

२२/ आणि याच वर्षांत तो काय करत होता? हॉवर्डमधील आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याने 'द ब्लॅकबर्ड्स' हा वाद्यसंच उभा केला : केव्हिन टोनी, कीथ किलगो, जो हॉल, बार्नी पेरी, ॲलन बार्न्स आणि इतर. १९७४ साली पहिली तबकडी. १९७५ साली पेरीने रचलेले 'वॉकिंग इन ऱ्हिदम' अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत. संगीताचा धंदा पाठ्यपुस्तकातून शिकवण्यापेक्षा विद्यार्थ्यांना थेट धंद्यात उतरवणे, असा हा प्रकार. त्यांचे 'रॉक क्रीक पार्क' वॉशिंग्टनमध्ये आजही त्या शहराचे गाणे मानतात.

२३/ येथे एक शंका रास्त आहे, आणि ती टीकाकारांनी विचारायला हवी होती. शिक्षक आणि निर्माता एकच असेल, तर विद्यार्थ्याच्या हिताची राखण कोणी करायची? ज्याने गुण द्यायचे त्यानेच करार करायचा, ही रचना मला निर्दोष वाटत नाही. परंतु हा प्रश्न सत्तेचा आणि कराराचा आहे. 'शुद्धता' नावाच्या सोवळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि म्हणूनच शुद्धतावाद्यांना तो कधी सुचला नाही.

२४/ १९७६ साली बर्डने हॉवर्डमधूनच कायद्याची पदवी घेतली. पुन्हा वाचा. ज्या वर्षांत तो म्हणे पैशाच्या धुंदीत होता, त्या वर्षांत हा चाळिशी ओलांडलेला, तबकड्या खपणारा वादक कायद्याच्या वर्गात बाकावर बसत होता. १९५७ साली ग्राइसकडे पाहिलेला धडा, १९६२ साली हॅनकॉकला दिलेला सल्ला आणि ही पदवी, हे तीन बिंदू जोडले की एक सरळ रेषा मिळते. तिच्यात 'सुवर्णकाळ' आणि 'ऱ्हास' असा सांधा कोठेही दिसत नाही.

२५/ १९८२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल आणि पुढे डेलावेअर स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत अध्यापन. 'संगीत + गणित = कला' असे सूत्र मांडून तो शाळकरी मुलांना स्वरमूल्यांच्या आधारे अपूर्णांक शिकवत असे : एका पूर्ण स्वरात किती पाव स्वर मावतात हे टाळीवर कळले, की छेद आणि अंश यांची भीती राहत नाही. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्याला 'जॅझ मास्टर' हा सन्मान दिला. सन्मानपत्रे देणाऱ्यांना बहुधा त्याची १९७०पूर्वीचीच तबकडी आठवत असावी, असो.

२६/ दरम्यान निकाल दुसऱ्याच न्यायालयात लागला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कची हिपहॉप पिढी जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलून नवे संगीत रचू लागली, तेव्हा तिच्या हाती बर्डच्या तथाकथित पतित काळातल्या तबकड्या आल्या. 'थिंक ट्वाइस' या एकाच गाण्याचा अंश १९९० साली मेन सोर्सने घेतला आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टनेही. ज्या पोरांच्या घरी आईवडिलांनी या तबकड्या विकत घेतल्या होत्या, तीच पोरे आता त्या पुन्हा वाजवत होती. १९९३ साली रॅपर गुरूने 'जॅझमॅटाझ' केली, तेव्हा साठीतला बर्ड स्वतः ट्रम्पेट घेऊन तीत हजर होता.

२७/ आणि पुन्हा तोच हिशेब. उचललेल्या तुकड्यात दोन हक्क दडलेले असतात : एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याचे संरक्षण मिळाले ते थेट फेब्रुवारी १९७२पासूनच्या मुद्रणांना, आणि त्याची मालकी बहुधा कंपनीकडे असते. डिसेंबर १९९१मध्ये रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, आणि परवानगीशिवाय तुकडा उचलणे महागात पडू लागले. त्या दिवसापासून जुन्या वादकांच्या संदर्भात 'रचना कोणाच्या नावावर आहे?' हा प्रश्न वकिलांच्या टेबलावर आला. ज्याने तो तीस वर्षे आधी एका बावीस वर्षांच्या पियानोवादकाला शिकवला होता, त्याला आपण 'बाजारू' म्हणतो.

२८/ उत्तरात बरेच जण लिहितील : 'पण संगीत तर साधेच होते ना?' होते. मग? साधे संगीत करण्याचा अधिकार गुंतागुंतीचे संगीत वाजवून दाखवलेल्या माणसाला नसेल, तर कोणाला आहे? कोणा गोऱ्या संग्राहकाच्या कपाटातील ओळ पुरी व्हावी म्हणून त्याने १९६१ सालचे वादन आयुष्यभर पुन्हा पुन्हा करायचे होते काय? तूसाँचे नाव लावणाऱ्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

२९/ ४ फेब्रुवारी २०१३ रोजी डेलावेअरमधील डोव्हर येथे, वयाच्या ८०व्या वर्षी तो वारला.

३०/ ऐकायचे असेल तर या क्रमाने ऐका. प्रथम 'क्रिस्तो रेदेंतोर' (१९६३), रात्री, शक्यतो एकट्याने. मग 'ब्लॅक बर्ड'चे पहिलेच गीत, 'फ्लाइट टाइम'; ते विमानाच्या उड्डाणाच्या आवाजाने सुरू होते, दचकू नका. त्यानंतर 'थिंक ट्वाइस'. आणि शेवटी २००१ सालच्या 'वेलकम टू डेट्रॉइट' या अल्बमवरील तेच 'थिंक ट्वाइस'. हिपहॉप निर्माता जे डिलाने त्यात नुसता तुकडा उचललेला नाही, ते गाणे त्याने पुन्हा गाऊन घडवले आहे. डिला डेट्रॉइटचाच.